एकोणिसावी पट्टी

२ ऑक्टोबर

शिमू,

आत्याने तुझा निरोप दिला. तुला आईचा एक फोटो हवा आहे, अलीकडचा, भिंतीवर लावण्याजोगा. तसा माझ्याकडे नाही.

मी तुला दोनदा फोन केला. तू उचलला नाहीस आणि दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं. फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पुढे जात नाही. आत्या म्हणते, “तुझ्यापेक्षा आपला नळ बरा, पाणी यायचं असेल तर आधी आवाज तरी करतो.” म्हणून लिहितो आहे. पत्राची सवय नाही. कंपनीत रजेचे अर्ज लिहिले तेवढेच.

तुझा निरोप आल्यावर मी दोन्ही खोके काढून बघितले. तुझे फोटो पुष्कळ आहेत. आई त्यांत कडेला आहे, किंवा अर्धी आहे, किंवा नुसता तुला धरलेला हात आहे. कॅमेरा माझ्या हातात असायचा आणि मी तुझ्याकडे बघत असायचो. ओळखपत्रासाठी काढलेला एक आहे. त्यात ती चिडलेली दिसते, कारण फोटोवाल्याने तिला हनुवटी वर करायला सांगितली होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, “मी एवढ्या हनुवट्या दुरुस्त केल्यात, आणि हा मला शिकवतो.” तो तुला नको असेल.

मोठ्या लेन्सचं काम पुरं झालं नाही, त्यामुळे तो फोटोही नाही. निघताना तू दारात विचारलंस, “बाबा, तुमचं ते नळकांडं झालं का?” मी नाही म्हणालो. तसंच आहे.

इकडे ठीक आहे. तिच्या औषधांची पिशवी अजून फ्रिजवरच आहे. आत्या रोज म्हणते काढ, मी रोज म्हणतो काढतो.

बाबा

१९ ऑक्टोबर

शिमू,

तुझं पाकीट आलं. चार ओळी होत्या. तू लिहिलंस, “फोटो नाही हे कळलं. पण चार-पाच महिने तुम्ही त्या मागच्या खोलीत काय करत होतात? मी फोन केला की आई म्हणायची, बाबा कामात आहेत. कसलं काम? ती बाहेर एकटी बसलेली असायची.”

ती एकटी नसायची. पण ते सांगायचं तर काम काय होतं ते सांगायला हवं.

लग्नाआधी तुझी आई स्टुडिओत निगेटिव्हला टचिंग करायची, हे तुला माहीत आहे. बारीक टोकाची पेन्सिल, खालून दिवा, आणि लोकांच्या कपाळावरच्या आठ्या, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती पुसून द्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहरा काळा आणि केस पांढरे, पण तिला ते आपण पेपर वाचतो तसं वाचता यायचं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने तिला मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स दिली. कॅमेऱ्याचं शटर गेलेलं होतं, लेन्स धड होती. तीस वर्षं ती कपाटात तिच्या जाड स्वेटरमध्ये गुंडाळलेली होती.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं. घरी आल्यावर चहा घेऊन झाला आणि ती म्हणाली, “माझा एक फोटो काढा. त्या लेन्सने. आणि कुणी पेन्सिल लावायची नाही.”

मी म्हटलं, “तिला कॅमेरा कुठे आहे?”

“तुमचा आहे की.”

“माझा छोटा. त्यावर ती बसत नाही.”

“मग बसवा. आयुष्यभर लोकांच्या मशीनला काही ना काही बसवत आलात, माझ्यासाठी एक लेन्स बसवा.”

माझ्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघता येत नाही. बघायची खिडकी वेगळी आहे. तिच्या मध्यभागी एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात सगळं दोनदा दिसतं. लेन्स फिरवली की त्या दोन प्रतिमा सरकतात, आणि एकीवर एक बसल्या की फोकस झाला. हे होतं कारण लेन्सची मागची कड कॅमेऱ्यातल्या एका लहान चाकाला टेकलेली असते. लेन्स किती पुढे गेली ते चाकाला कळतं आणि चाक चौकोनाला कळवतं.

आईच्या लेन्सला फिल्मपासून जास्त अंतर लागतं, म्हणून मध्ये नळी हवी. नळी मी आठवड्यात वळली. पुढे अडचण अशी की एक मीटरवर बसलेल्या माणसासाठी माझी नेहमीची लेन्स तीन मिलिमीटरसुद्धा पुढे येत नाही, आणि आईची साडेसात येते. चाकाला तिनाचीच भाषा कळते. म्हणून नळीच्या मागे पितळेची कडी बसवायची आणि तिच्या कडेला असा उतार द्यायचा की लेन्स साडेसात सरकली तरी चाक तीनच सरकावं. हा उतार माझ्या लेथवर येत नाही. कानसीने आणि पॉलिश पेपरने, हाताने आणावा लागतो. मग फिल्मवर बघायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा बघायचं.

बघायचं कसं, तर तुझी आई खिडकीशी खुर्चीत बसायची. लांब लाकडी स्केल हातात तिरकं धरायची, एक टोक माझ्याकडे, एक भिंतीकडे, आणि मधोमध मी आखलेला शून्य बरोबर तिच्या डोळ्याच्या रेषेत. मांडीवर लहान पाटी, त्यावर चाचणीचा नंबर आणि अंतर. मी चौकोनात शून्य जुळवून दाबायचो. एक मीटरवर तीन, तीन मीटरवर तीन. सहा फोटोंपुरतीच फिल्म भरायचो. ती धुऊन वाळली की डोळ्याला भिंग लावून बघायचं की कुठला आकडा सगळ्यांत स्पष्ट आहे. शून्य असेल तर कडी बरोबर. पहिल्या चाचणीत मागचा अकरा स्पष्ट होता. ती म्हणाली, “माझ्यापेक्षा भिंतीवर प्रेम दिसतंय.”

अशा बावीस चाचण्या झाल्या. म्हणजे ती एकटी नव्हती. मी बाहेर नसेन तेव्हा घासत होतो.

तुला हे सगळं कंटाळवाणं वाटेल. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

बाबा

८ नोव्हेंबर

शिमू,

आत्याने माझं पत्र वाचलं होतं. मी टेबलावर ठेवलं होतं, तिने चष्मा लावला आणि वाचलं. म्हणाली, “पोरीने विचारलं काय आणि तू तिला सांगतोस काय! तिला कडी नकोय, तिला तारीख हवीये. ती तीन वेळा बेड सांगून बसली होती.”

मी म्हटलं, “पाठवू नको का मग?”

“पाठव. पण खरं आहे ते केव्हा पाठवणार?”

मी ते पत्र तसंच पाठवलं. आज दुसरं लिहितो आहे. हे आत्याला दाखवलेलं नाही.

तू तुझ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात पहिला बेड सांगितलास तो वीस जूनचा. डॉक्टर तुला म्हणाले होते, वेळेत आणलं तर कदाचित एखादं वर्ष मिळेल. कदाचित म्हणाले होते, हे मला माहीत आहे, पण वर्षही म्हणाले होते. आई तुला फोनवर म्हणाली, “फोटो झाला की निघतोच.” मग तू पंधरा जुलै केलंस. मग पाच ऑगस्ट. दर वेळी तिचं तेच, फोटो झाला की. आणि दर वेळी तू मला फोन द्यायला सांगायचीस आणि मी म्हणायचो, “अजून बसत नाहीये.”

नऊ जूनला बसली होती.

चौदावी चाचणी. सकाळी फिल्म वाळली. मी भिंग लावून बघितलं, एक मीटरवर शून्य आणि तीन मीटरवरही शून्य. दोन्हीकडच्या तिन्ही फोटोंत. मी चाळीस वर्षं टूलरूममध्ये होतो आणि इतकं चोख काम माझ्या हातून फार थोड्या वेळा झालं आहे. ती स्वयंपाकघरात होती. मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं.

फोटो झाला की निघायचं होतं. तिकडे गेलो की मला एका खुर्चीत बसवतील आणि माझ्या हातात काही नसेल. तू असशील, नर्स असतील, डॉक्टर असतील, सगळ्यांना काही ना काही काम असेल. मी तिच्याकडे बघत बसेन. ते मला होणार नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, तो फोटो कशासाठी आहे हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “नंतर लावायला” म्हणाली होती. मला वाटलं, जोवर काढत नाही तोवर नंतर येणार नाही. लिहिल्यावर हे वेड्यासारखं दिसतं. तेव्हा मी ते शब्दांत म्हटलंच नव्हतं. मी फक्त तोंड मिटलं, मागच्या खोलीत गेलो, आणि बरोबर झालेल्या कडीवर पॉलिश पेपर फिरवला.

मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतकं घासलं. मग पंधरावी चाचणी घेतली.

ती फिल्मची पट्टी तिने स्वतः खिडकीच्या काचेवर धरून बघितली. तिला भिंग लागत नसे. म्हणाली, “काल शून्यावर होतं. आज दोन मागे. तुमच्या कानसीला भूक लागली होती का?”

मी म्हटलं, “पितळ आहे. उकाड्याने फुगतं.”

“हं,” ती म्हणाली. “पितळ फुगतं.” आणि पट्टी मला परत दिली.

पुढच्या सात चाचण्या अशाच. दर वेळी थोडं घासायचं, स्केलवर बघायचं, मान हलवायची. कुणी माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला टूलरूमच्या बाहेर काढलं असतं.

अकरा ऑगस्टला दुपारी ती म्हणाली, “आज काढा.” मी म्हटलं, “आज नाही, अजून मागे जातंय.” ती म्हणाली, “जाऊ दे मागे. उद्या मला बसता येणार नाही.” तिला उशा लावून बसवलं. केस विंचरून दिले. मी टेप आणायला निघालो, अंतर मोजून लेन्सवर लावलं असतं तरी चाललं असतं, तर म्हणाली, “टेप नको, स्केल नको. नुसतं माझ्याकडे बघून काढा.” मी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने चौकोनात तिचे दोन डोळे एकावर एक आणले आणि दाबलं. एकच. लगेच तिची मान कलली आणि तिला आडवं करावं लागलं.

चौकोन खोटा आहे हे मला तिच्या अंगावर पांघरूण घातल्यावर आठवलं. मी स्वतःच तो खोटा केला होता, आणि ऐन वेळी त्याच्यावर विश्वास ठेवला. फोटोत तिचा कान स्पष्ट आहे. कानातला मोती मोजता येईल इतका. डोळे पुसट आहेत, उजेड कमी म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती झोपेतच होती. चौदाला तू आलीस. सोळाला ती गेली.

तू दारात विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. नऊ जून ते अकरा ऑगस्ट, त्रेसष्ट दिवस. वीस जूनचा तुझा बेड त्यात आहे, पंधरा जुलैचा आहे, पाच ऑगस्टचा आहे.

याच्यावर काही लिहायला हवंच असं नाही.

बाबा

३० नोव्हेंबर

शिमू,

तीन आठवडे तुझ्याकडून काही नाही. ते बरोबरच आहे. आत्या दर दोन दिवसांनी विचारते, “काय रे, तुझं तोंड असं का झालंय?” मी म्हणतो, दात.

काल तुझं कार्ड आलं. “त्या चाचण्यांच्या निगेटिव्ह आहेत का? असतील तर सगळ्या पाठवा.” एवढंच.

आहेत. मी काही टाकत नाही. कागदाच्या लांब पाकिटांत नंबर घालून ठेवल्या होत्या. पाठवण्याआधी नंबर लावून घ्यावेत म्हणून एकेक काढून खिडकीशी धरली, आणि मला एक गोष्ट कळली. या पट्ट्यांमध्ये तुझी आई आहे, हे मी पाहिलेलंच नव्हतं. मी स्केल बघत होतो. शून्य कुठे, दोन कुठे. स्केलच्या वर एक चेहरा आहे हे मला ठाऊक होतं, जसं भिंतीवर खिळा आहे हे ठाऊक असतं. ती म्हणायचीसुद्धा, “तुम्ही आकडे बघता. मी शिंग लावून बसले तरी तुम्हाला कळायचं नाही.” एकदा खरंच डोक्यामागे दोन बोटं धरली होती. सहाव्या चाचणीत आहे. मला आत्ता दिसलं.

तिसऱ्या चाचणीत ती हसते आहे, कारण मी ओरडलो होतो की स्केल हलवू नको. आठव्यात चष्मा काढून ठेवला आहे आणि नाकावर चष्म्याचे दोन ठसे आहेत. टचिंगवालीने तेच आधी पुसले असते. अकराव्यापासून शाल आहे. चौदाव्यात, म्हणजे सगळं शून्यावर आलं त्या दिवशी, तिने बांगड्या काढलेल्या आहेत, त्या आदल्या आठवड्यात हातातून निसटायला लागल्या होत्या. ते मला माहीत होतं, पण ते त्या पट्टीत आहे हे माहीत नव्हतं. सतराव्यात स्केल दोन्ही हातांनी धरलं आहे. बाविसाव्यात स्केलला खालून उशीचा आधार आहे.

स्वतःच्या निगेटिव्ह बघून ती एकदा म्हणाली होती, “प्रिंट काढूच नका. हीच बरी आहे मी, केस काळे.” पांढरे केस निगेटिव्हमध्ये काळे येतात. त्या बाविसांमध्ये तिचे केस आपल्या लग्नात होते तसे आहेत. आपल्या म्हणजे माझ्या आणि तिच्या.

चौदाव्यानंतरच्या पट्ट्यांत स्केल चुकलेलं आहे पण चेहरे फार बिघडलेले नाहीत, कारण उजेड चांगला होता आणि लेन्सचं तोंड मी लहान ठेवत होतो. त्यांतल्या एकाचा फोटो भिंतीवर लावण्याजोगा होईल. पण हातात स्केल आणि मांडीवर पाटी असेल. तुला चालेल का ते तू बघ. तिच्यासारखी नजर तुझी आहे, माझी नाही. मी एकही प्रिंट काढलेला नाही, तू सांगितल्याशिवाय काढणार नाही.

अकरा ऑगस्टचा एकटा तुकडाही घातला आहे. कानाचा.

एकोणिसावी पट्टी त्यात नाही. धुताना पाण्यात जास्त राहिली आणि खराब झाली, म्हणून टाकली.

सोबत एकवीस पाकिटं. बोटं कडेला लावून धर, मध्ये नको.

बाबा

२१ डिसेंबर

शिमू,

तुझं पत्र मिळालं. पूर्ण पान आहे, आणि मी ते किती वेळा वाचलं हे सांगत नाही. नवव्या चाचणीतला मधला फोटो तू निवडलास. स्केल कापायचं नाही आणि पाटीही ठेवायची, असं लिहिलंस. मी उद्यापासून प्रिंट काढायला घेतो. कुठेही पेन्सिल लागणार नाही.

त्या त्रेसष्ट दिवसांबद्दल तू लिहिलंस की तुला अजून काही म्हणता येत नाही, आणि घरी यायचं की नाही तेही ठरत नाही. बरं. तू ठरव. मी विचारणार नाही.

आणि शेवटी लिहिलंस: “बाबा, तुम्ही काही टाकत नाही, हे तुम्हीच लिहिलंत, त्याच पत्रात. आणि फिल्म पाण्यात राहून खराब होत नाही. मी तुमच्या दोघांचीच मुलगी आहे. एकोणीस पाठवा.”

पाठवतो आहे. आधी वाच.

एकोणिसावी चाचणी बारा जुलैची आहे. तुझा दुसरा बेड तीन दिवसांवर होता. एक मीटरवरचे तीन फोटो. पहिल्यात पाटीवर आहे, ‘चा. १९, १ मी.’ तिसऱ्यातही तेच आहे. त्या दोन्हींच्या मधल्या फोटोत पाटीवर नंबर नाही. मी फिल्म पुढे ओढत होतो तेवढ्यात तिने हाताने पुसलं असणार, दुसरं लिहिलं असणार, आणि मी दाबल्यावर ते पुसून पुन्हा नंबर घातला असणार. तिसऱ्या फोटोत पाटीवर तळहाताचा फराटा दिसतो. मी समोर एक मीटरवर बसलो होतो. कॅमेऱ्याच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. मी पिवळ्या चौकोनातला शून्य बघत होतो.

पट्टी वाळल्यावरही मी स्केलच पाहिलं. पाच मागे होतं, म्हणून मला हवं तसं होतं, म्हणून ठेवून दिली. ती मला म्हणाली होती, “आज मी बघत नाही, तुम्हीच बघा नीट.” एरवी प्रत्येक पट्टी तीही काचेवर धरून बघायची.

तिने लिहिलंय: ‘मला नाही जायचं. पोरीला सांगू नका.’

हे मी नोव्हेंबरमध्ये वाचलं, तुझ्यासाठी पाकिटं लावताना. तुला न पाठवण्याचं कारण मी स्वतःला असं सांगितलं की तिने नको म्हटलं आहे, तर नको. ते अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं हे, की तू तीन वेळा बेड सांगितलास, घरात तिच्यासाठी खोली रिकामी केलीस, तिला जिना नको म्हणून तुझी खोली तिला दिलीस. ते सगळं करून तू ही पाटी वाचावीस असं मला वाटत नव्हतं. माझ्यावरचा तुझा राग मला पेलत होता. त्यात तुझी आई नको होती.

आणखी एक आहे, आणि ते मी सरळ लिहितो. पाटी वाचल्यावर आधी क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, म्हणजे तिलाही तेच हवं होतं, मी तिच्या मनासारखंच केलं. मग दुपारभर मी त्या खोलीत बसलो आणि तसं नाही हे कळलं. मी नऊ जूनला कडी घासली तेव्हा तिच्या मनात काय आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. तिने काचेवर पट्टी धरून मला विचारलं होतं, आणि मी पितळ फुगतं म्हणालो. तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर कदाचित तिनेही सांगितलं असतं, पाटीवर नाही, तोंडाने. मग कदाचित आम्ही दोघांनी बसून तुला फोन केला असता. तू रागावली असतीस, भांडली असतीस, आणि पुढच्या गाडीने आली असतीस. तुला दोन दिवस नाही, दोन महिने मिळाले असते. वर्षाचं मला माहीत नाही. दोन महिन्यांचं माहीत आहे. ते तुझे मी घेतले. पाटीने त्यातला एकही दिवस कमी होत नाही, आणि तू तो कमी करू नकोस.

तिला का जायचं नव्हतं हे तिने लिहिलेलं नाही. मी अंदाज करू शकतो, पण आता अंदाज नको. एवढं सांगतो की नाही म्हणण्याआधी पाच महिने ती रोज तुझ्याबद्दल बोलायची. आत्याला विचार. आत्या म्हणायची, “वहिनी, लेकीचं पुराण आज जरा लवकर आटपा, माझी भाजी करपतेय.”

पट्टी वेगळ्या पाकिटात घातली आहे आणि पाकीट चिकटवलं आहे. आज उघड, दहा वर्षांनी उघड, नको उघडूस. उघडलीस तर खिडकीशी जा. थेट ऊन नको, नुसता उजेड. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेव, नाहीतर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. डावीकडून दुसरी चौकट. भिंग घे, अक्षर बारीक आहे.

निगेटिव्हमध्ये काळी पाटी काचेसारखी स्वच्छ येते आणि खडू काळा उमटतो. त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती पाटी वाटलीच नाही. वाटलं, तिने कागदावर शाईने काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं आहे. आम्ही लग्न झाल्यापासून कधी एकमेकांना सोडून राहिलो नाही, त्यामुळे तिचं पत्र मला कधी आलं नव्हतं. हे एकच आहे.

ते तुझ्याकडे राहू दे.

बाबा